मागच्या डाव्या चाकाचे नट

नाही, नाही, उठू नका देवीलालभाऊ, तुमचं चालू द्या — हे इतक्यात येत नाहीत. शेजारचा राजदीप ऑटोनं घेऊन गेला आहे त्यायले दवाखान्यात, पायाचा फोटो काढाचा, मग डॉक्टर पाहतीन, घंटा-दीड घंटा तर कुठं गेला नाही. चहा ठेवला आहे स्टुलावर, थंडा होऊन राह्यला. जॅक बरोबर बसला ना खाली? — नाही, आपली विचारते. करवतीचं मशीन म्हणजे दीडशे किलोचं धूड, वरून जड अन् बुडाशी हलकं. पडल्यावर त्याचा आवाज कसा येते ते मले माहीत आहे. अन् ही चाकं तर मागच्या वेळपेक्षाही मोठी आणली तुम्ही. खाली चौकट पण रुंद केली, म्हणजे आता कलंडणार नाही, हो ना? चाराही चाकांले ब्रेक. यायनं सांगितलं होतं का असं कराले? — नसंन सांगितलं. यायनं तुम्हाले काय काय म्हटलं ते मी सैपाकघरातून ऐकलं आहे सगळं. दुसरा असता तर फाटकातूनच परत गेला असता. तुम्ही उलटून एक शब्द बोलले नाहीत, अन् आज लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून सामान घेऊन आले.

तुम्हाले वाटत असंन, साहेब असे काहून करतात. तसे नाहीत हो ते. भूमी अभिलेखमध्ये होते ना, जमिनीच्या मोजणीचे नकाशे काढत. शाईची रेघ अशी, की दोन भावांचं भांडण त्या रेघेवर मिटे. लोक म्हणत, नीळकंठरावांच्या हातची रेघ आहे, आता बोलाचं काम नाही. रिटायर झाले अन् पुसदले एका जणाचा कारखाना बंद झाला, तिथून ही विजेची करवत आणली. पाट कर, चौरंग कर, नातेवाइकांकडे पाठव. मले पण बरं वाटे. माणूस दिवसभर घरात बसून करंन काय? अन् मशीन ठेवलं ह्या मागच्या खोलीत. इथं तर दोन हाताची फळी फिरवाले जागा नाही, म्हणून काम कराचं झालं की मशीन पडवीत काढाचं. तेव्हा चाकं कशी होती, तुम्हीच पाह्यलीत — प्लास्टिकची, सुपारीएवढी, दोन फिरत अन् दोन अडत. एकट्याच्यानं हलेच ना. म्हणून मले हाक मारत, सुचित्रा, जरा हात लाव. ते ओढत अन् मी मागून ढकलत असे. रोजचं.

मग दोन वर्षांखाली त्यायचा उजवा हात थरथराले लागला. आधी कपबशी वाजे, नुसती. मी म्हटलं, वय आहे. मग एक दिवस फळीवर पेन्सिलीची रेघ मारून राह्यले होते, पट्टी लावून — अन् पट्टी असून रेघ वाकडी आली, भाऊ. दोघांनीही पाह्यली. रबरानं पुसली त्यायनं अन् पुन्हा मारली. डॉक्टरनं साफ सांगितलं, मशीनवर हात घालू नका. घरी आले अन् म्हणाले, डॉक्टरले लाकडातलं काय समजते. आता सांगा, असा हात घेऊन पात्याशी बसाचं? बोट जाते म्हणजे डोळ्याची पापणी लवली की जाते. मग मी काय केलं — हाक आली की म्हणाची, आज कंबर दुखते. आज पोळ्या कराच्या आहेत. आज मंडळाच्या बायका येऊन राह्यल्या. मी नाही म्हटलं की मशीन आत. भांडण नाही, तंटा नाही. हप्त्यातून एखाद वेळ काढू द्याची, अन् तेव्हा मी बाजूले उभी. असं वर्ष काढलं मी.

अन् मग तुम्ही आले. दिवाळीच्या आधी. चांगली रबराची चाकं लावून देली, बॉलबेअरिंगची. तुम्ही एका बोटानं मशीन पडवीत नेऊन दाखवलं, आठवते? ते किती हसले त्या दिवशी. तुम्ही गेल्यावर स्वतः चार वेळा नेलं-आणलं. अन् मी इथं दारात उभी. माही गरजच संपली ना, भाऊ. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मशीन सुरू. मी आंघोळीले गेली की सुरू, भाजी आणाले गेली की सुरू. परत येताना नाक्यावरूनच कान लावत येई मी, आवाज चालू आहे म्हणजे माणूस धड आहे. अन् आवाज बंद असला की पाय उचले ना.

काय पाहून राह्यले तुम्ही? — तो जुना नट आहे, टाकून द्या तो. मागच्या डाव्या चाकाचा असंन. मी झाडताना सापडले होते दोन, डब्यात टाकले. — उजेडात कायले नेता?

कोपरे घासले आहेत त्याचे. हो. तुम्ही घासत नाही असे, माहीत आहे मले, तुम्ही बरोब्बर मापाचा पाना लावता. फाटकाची कडी कसाचा पाना असते ना घरात, मोठा, त्यानं घासले. तो या मापाले बसत नाही, घसरते.

मी घासले.

जॅक सोडू नका. ऐकून घ्या. महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी, हे पेन्शनच्या कागदासाठी गेलते, अन् मी इथं जमिनीवर आडवी झाली, या वयात, अन् त्या चाकाचे दोन नट ढिले केले. काढले नाहीत. देवाशपथ काढले नाहीत, ढिले केले. मले वाटलं, चाक डगमगंन, अडंन, पहिल्यासारखं जड होईन. मग म्हणतीन, सुचित्रा, जरा हात लाव. एवढंच पाहिजे होतं मले. मशीन पडंन हे मले कसं समजावं? मी जिल्हा परिषदेत फायली लावल्या तीस वर्षं, मले मशीनचं वजन कुठं राह्यते ते कसं समजावं? — नाही, हे मी मले सांगून राह्यली, तुम्हाले नाही.

उंबरठ्यापाशी चाक निखळलं. मी देवापुढे वाती करत होती. धावत आली तर हे खाली अन् मशीन त्यायच्या पायावर, नडगीचं हाड दोन जागी मोडलं. ऑपरेशन करून हाडात सळई टाकली. शुद्धीवर आले अन् पहिलं वाक्य काय बोलले — त्या देवीलालनं नट कसले नव्हते. मी ग्लासात पाणी ओतून राह्यली होती. तेव्हा बोलाचं होतं. तेव्हा एका वाक्यात झालं असतं. मी म्हटलं, आता दुखते आहे त्यायले, उद्या सांगू. अन् उद्या भेटाले येणाऱ्या प्रत्येकाले ते तेच सांगत गेले, अन् मी पलंगापाशी उभी राहून बिस्किटं देत गेली. तीन महिने, भाऊ. यायचं ऐकून आरागिरणीवाल्या भगवानरावांनी लाकडं वाहाच्या गाड्यांच्या चाकांचं काम तुमच्याकडून काढलं तेही मले कळलं. तरी मी गप्प.

रविवारी बाजारात तुमच्या घरच्या रुक्माबाई भेटल्या. मले वाटलं भांडतीन. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, वहिनी, हे आता एक नट तीन-तीनदा कसतात, अन् गिऱ्हाइकाच्या घरून अर्ध्या रस्त्यातून परत जातात पाहाले. म्हणतात, माह्या हातावर आता माहाच भरवसा नाही. — तेव्हापासून मले यायचा हात दिसत नाही, तुमचा दिसते. आत्ताही पाह्यलं मी, समोरचा नट तुम्ही चार वेळा कसला. पहिल्यांदाच बसला होता तो, मले आवाज आला होता. तुमचे हात चुकले नव्हते, भाऊ. दिवाळीतही नाही, कधीच नाही.

बोला ना काही. शिवी द्या. — नाही तर तो शेवटचा नट तेवढा कसा. एकदाच. चाकं तर लावाचीच आहेत, पक्की लावा. त्यायनं करवत चालवाची की नाही, हे मी त्यायच्या तोंडावर बोलीन आता. रडून बोलीन, भांडून बोलीन, पण पाना घेऊन नाही.

ऑटो थांबला वाटते. — राजदीपचाच आवाज आहे. हे काठी टेकत येऊन राह्यले. विचारतीन, झाली का चाकं लावून. त्यायले उत्तर मी देते, त्या नटांचंही. तुम्ही सामान उचला. अन् तिकडून, मागून कायले? समोरून जा, देवीलालभाऊ, त्यायच्या बाजूनं जा. जा तुम्ही.