पार्वतीचं पाणी

केयूर : रडला म्हणे तो घाटावर. आत्ताच हॉटेलवरून फोन होता. 'तुमच्या मिसेसनी माझ्या पूर्वजाचं सोनं केलं' म्हणाला. माझा होणारा साहेब तुझ्यासमोर रडतो आणि तू घरी येऊन वरणाला फोडणी देतेस?

लीना : हळू बोल. नूपुरचा आत्ता डोळा लागलाय. अंग अजून कोमट आहे तिचं.

केयूर : दात येताहेत, दुसरं काही नाही. सांग ना, काय झालं?

लीना : काय व्हायचंय? ट्राममध्ये बसल्यापासून तो त्या पूर्वजाचं, टिमथी कर्नीचं पुराण सांगत होता. आयर्लंडचा पोरगा, ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यात भरती, इथे दमदमला चाकरी. तोफेने दोन बोटं नेली म्हणून पेन्शन. मग कैद्यांच्या जहाजावर पहारेकरी होऊन ऑस्ट्रेलियात, पर्थला. तिथे जमीन, झोपडी, बायको, मुलं. मरेपर्यंत चर्चमध्ये पहिल्या बाकावर. देवमाणूस अगदी.

केयूर : साहेबांचा जीव आहे त्या म्हाताऱ्यावर. इंटरव्ह्यूत अर्धा वेळ तेच बोलत होते.

लीना : 'इथल्या रीतीने त्याला पाणी द्यायचंय' म्हणाला. आज सर्वपित्री, घाट गर्दीने फुललेला. दिलं. अमृतादींनाही नेलं होतं सोबत.

केयूर : वरच्या अमृतादींना? त्या तर चर्चला जातात.

लीना : साहेबही जातो. त्यांचं आडनाव माहितीये तुला?

केयूर : नूपुरला सांभाळतात त्या. आडनाव कुठे विचारायचं.

लीना : कर्नी.

केयूर : असतील. कोलकात्यात असली आडनावं पुष्कळ.

लीना : दमदम, तोफखाना, टिमथी, गेलेली दोन बोटं. हे सगळं अमृतादींच्या घरीही सांगतात, केयूर. फक्त साहेबाच्या गोष्टीत जहाज सुटतं, तिथे यांची सुरू होते. इथे त्याची बायको होती. पार्वती. पोटाशी तान्हा मुलगा. 'पहिलं वर्ष एकटाच जातो, बस्तान बसवतो, मग बोलावतो' म्हणून गेला.

केयूर : आणि?

लीना : आणि काय. बारा वर्षं तिने वाट पाहिली. मग बेपत्ता माणसाचं करतात तसं त्याचं क्रियाकर्म केलं आणि कुंकू पुसलं. तो तिकडे पहिल्या बाकावर.

केयूर : तू हे साहेबांना सांगितलंस?

लीना : एक शब्द नाही. पुरोहितांनी विचारलं, कोणाचं तर्पण? मी बंगालीत सांगितलं, पार्वतीचं. गोत्र ठाऊक नाही, काश्यप म्हणा.

केयूर : लीना.

लीना : तो गुडघाभर पाण्यात उभा. ओंजळीत तीळ. पुरोहित म्हणतील तसं अक्षर न् अक्षर म्हणत होता. त्याला वाटलं, टिमथी पोचला.

केयूर : फसवलंस तू त्याला. पुढच्या महिन्यात मला पर्थला त्याच्या हाताखाली काम करायचंय.

लीना : टिमथीला पाणी पार्वतीने कधीच दिलंय, तेही तो जिवंत असताना. तिचं राहिलं होतं.

केयूर : अमृतादी काय म्हणाल्या?

लीना : पायरीवर काठी टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, नाव नीट ऐकू आलं नाही, परत म्हणायला सांग. मी सांगितलं. त्याने मोठ्याने म्हटलं. रडला तो तेव्हाच.

केयूर : कळलं त्याला तर माझी नोकरी जाईल.

लीना : सांग तू. फोन तुझ्याच हातात आहे.

केयूर : (फोन खाली ठेवत) एवढा राग त्या मेलेल्या माणसाचा?

लीना : तुला पर्थला एकट्याने ये, कुटुंबाचं पहिल्या वर्षी नको, हे कोण म्हणालं?

केयूर : साहेब. पण ते कंपनीच्या क्वार्टर्समुळे.

लीना : आणि 'हो' कोण म्हणालं? मला न विचारता?

केयूर : तू आता मला त्या टिमथीच्या रांगेत बसवू नकोस. मी तसा आहे का?

लीना : तोही नसेल, बंदरावर उभा होता तेव्हा.

केयूर : अगं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे.

(आतून नूपुरच्या कुरकुरण्याचा आवाज. लीना दाराशी जाऊन कानोसा घेते, परत येते.)

लीना : ठीक आहे. जा तू. पार्वती बारा वर्षं थांबली, मी पुढच्या सर्वपित्रीपर्यंत थांबेन. पुरोहितांचा नंबर घेऊन ठेवलाय.