सरळ टीप

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक शिंपी आणि त्याची बायको नंबर येण्याची वाट बघत होती.

"फुगा आला होता डोक्यातल्या रक्तवाहिनीला. मग अजून जांघ का ठणकते? डॉक्टरनंच काहीतरी घोळ केलाय."

"ऑपरेशनला नळी जांघेतूनच वर डोक्यात नेली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. मला तर तुमचाच संशय येतोय."

"माझा? मी काय केलं?"

"मी घराबाहेर पडले की तुम्ही पायमशीन चालवता. डॉक्टरांनी नको म्हटलं असताना."

"उगाच काहीतरी! हातसुद्धा लावलेला नाही."

"मग काल पायजम्याला निळा दोरा कसा चिकटला? कुणाचं काम घेतलंय चोरून?"

"कुणाचं नाही गं. जुन्या चादरीची चिंधी होती."

"चिंधी शिवून काय करायचंय?"

"सरळ टीप पडते का, एवढंच बघतो."

"बघतो? म्हणजे रोज?"

"हो, रोज."

"अहो, एकदा सरळ पडली असती, तर रोज कशाला बघितलं असतंत?"

"…आपला नंबर आला बघ. आत गेल्यावर फक्त जांघेचं बोल."