गॅरेजातला धोत्रा

हसू नका, पण मी एकदा चक्क शंकरालाच फसवायला निघालो होतो. अमेरिकेत हर्नडनला पोराकडे राहायचो तेव्हा. आमच्या हिने कुंडीत शोभेचा धोत्रा लावला होता, घंटेसारखी लोंबती फुलं येणारा. थंडीत गोठून मरेल म्हणून पोराने तो गॅरेजात ठेवला, तर पानं गळून नुसता दांडा उरला.

‘‘अहो, महाशिवरात्रीला एक तरी फूल येईल ना?’’

‘‘येईल की! त्याच्यापुढे बसून रोज जप कर.’’

बिचारी महिनाभर स्वेटर घालून गॅरेजात जप करत बसली! शिवरात्रीच्या सकाळी मी गुपचूप दांड्याला प्लॅस्टिकची तीन फुलं तारेने बांधली. हिने ती बघितली मात्र, कॉलिंग कार्ड खरवडून पुण्याला बहिणीला फोन, ‘‘अगं, चमत्कार झाला!’’ मग फूल तोडायला गेली, तर तार हातात. मी गाडीमागे मफलर तोंडात कोंबून बसलेलो.

दुपारी उपासाच्या खिचडीची वाट बघत मी टेबलाशी बसलो, तर ताटात शोकेसमधली प्लॅस्टिकची केळी!

‘‘जप करा,’’ म्हणाली, ‘‘पिकतील.’’