म्वांझाचं गाणं भिंगारात

आसाराम : म्हंजी जिचं गानं मी मांडवात लावतो ती रेकॉर्ड? कव्हरावर गिटारवाला हाय ती?

छगन : तीच. एकोणऐंशीच्या जयंतीला तुझ्या लाऊडस्पीकरवर लावायला दिली होती. एकोणीस वर्षं झाली. आज परत मागायला आलोय.

आसाराम : एवढ्या वर्सांनी काय काम काढलं, छगनभाऊ?

छगन : झांबियाहून पत्र आलंय, म्वांझाचं. तिकडं तांब्याच्या खाणीत मी फिटर होतो, तो माझ्या जोडीला. आठवडाभर खाण आणि रविवारी रॉक बँड. ही त्याच्याच बँडची रेकॉर्ड. तेव्हा कुणी विचारलं नाही. आता तिकडची पोरं असलं गिटार शोधत फिरतात म्हणे. जर्मनीतली एक कंपनी ती सीडीवर नव्यानं काढतीय. पण मूळ टेपा गेल्या, त्याच्या घरची रेकॉर्डही फुटली. त्याला आठवलं, एक छगनला दिली होती.

आसाराम : मंग आदीच मागायची की.

छगन : जीभ रेटली नाही. आता तर भीतीच वाटतीय. इतक्या लग्नांत वाजवलीस, चरे पडून वाट लागली असेल. आसाराम, मलेरियात त्या माणसानं अकरा दिवस मला स्वतःच्या खोलीत ठेवून मक्याची पेज भरवलीय. त्याची एवढी एक वस्तू होती माझ्याकडं, तीही सांभाळली नाही, असं कुठल्या तोंडानं लिहू?

आसाराम : बसा आदी. पानी घ्या. आन ही बघा.

छगन : अरे, ही तर कोरी दिसतीय.

आसाराम : दोनदाच वाजलीया. एकदा जयंतीला, एकदा दुसऱ्या दिशी कॅसेटवर उतरवताना. दुसऱ्याची वस्तू, सुईखाली किती घासायची? लोक नाचत्यात ती कॅसेट हाय. हिला नुसतं फडक्यानं पुसून ठिवतो.

छगन : आसाराम, तुझे आभार कसे मानू रे? माझी लाज राखलीस.

आसाराम : आता पाया बिया पडू नका, वयानं मोटं हाय तुमी. ऐकायची का? मशीन चालू हाय.

छगन : लाव. थांब, खटका पंचेचाळीसवर आहे. तेहतीसवर घे.

आसाराम : का? लग्नाची समदी गानी मी पंचेचाळिसावरच लावतो. हीबी तशीच लावलेली.

छगन : ती बारकी तबकडी. मोठीला तेहतीस, नाहीतर गाणं दुडक्या चालीनं पळतं. घे तर खरं.

(आसाराम खटका सरकवतो. गाणं शेवटपर्यंत वाजतं.)

आसाराम : भाऊ, ह्यो मानूस तर रडतोय.

छगन : म्वांझाच तो. त्याचा धाकटा भाऊ खाणीत दरड कोसळून गेला. त्याच्यासाठी केलंय.

आसाराम : आन आमी ह्याच्यावर नाचत आलो. तुमाला ठावं हुतं, तर बोलला का न्हाई?

छगन : बोलायलाच पुढं आलो होतो, मिरवणुकीत. बघतो तर साळूबाई नाचत होती. नवरा गेल्यापासून वर्षभर उंबरा ओलांडला नव्हता तिनं. तसाच मागं फिरलो.

आसाराम : मंग ह्ये लिव्हा त्याला.

छगन : भावाच्या मरणावर आम्ही नाचलो, असं लिहू?

आसाराम : व्हय. त्याला वाटत आसंल, आपलं गानं कुनी ऐकलंच न्हाई. साळूबाई उटली त्या गान्यावर, ह्ये कळू द्या की त्याला.

छगन : खरंय. लिहितो. रेकॉर्ड पार्सल करायच्या आत लिहितो. आणि कुणी जपली, तेही.

आसाराम : त्या भावाचं नाव काय हुतं?

छगन : मुसोंडा.

आसाराम : मुसोंडा. आता दर जयंतीला आदी माईकवर त्याचं नाव घिऊ. मंग लावू कॅसेट, पंचेचाळिसाचीच.