जाळीमागचं फडकं

मानसी : परत बंद पडली?

सुलक्षणा : बंद नाही पडली मॅडम, दमलीय. स्क्रीनवर लाल दिवा आला आणि ताकद अर्ध्यावर. बॅटरी थंड होईपर्यंत आता ती अशीच कुंथत राहणार.

मानसी : या आठवड्यातली कितवी वेळ?

सुलक्षणा : मोजू नका ना.

मानसी : मी नाही मोजत गं, चंद्रप्रकाश शेठ मोजतात. चार वाजता येतायत ते. तोवर बालवाडीच्या भिंतीलगतची जुनी टाकी उकरून झाली नाही, तर ही बॅटरीवाली पोकलेन परत कंपनीकडे जाणार. आणि चारकोपच्या यार्डातून डिझेलवाली इकडे. तिच्या ऑपरेटरसकट, विकीसकट.

सुलक्षणा : आणि मी परत मॉलमध्ये, गिफ्ट बांधायला.

मानसी : तसं काही म्हणाले नाहीत ते.

सुलक्षणा : माझं ट्रायल आज संपतं मॅडम. डिझेलवालीवर विकी बसणार. मग मला कुठे बसवणार, बकेटमध्ये?

धाकू : काय झाला गो? कशाक थांबलंस?

मानसी : धाकूकाका, हळू. पलीकडे बालवाडीतली पोरं झोपलीयत.

धाकू : मी हळूच बोलतंय.

सुलक्षणा : मामंजी, तुमचं हळू नाहूर स्टेशनपर्यंत जातं.

धाकू : मग काय करू? तीस वर्सां डिझेलच्या पोकलेनवर काढलंय. थंय आपला बोलना आपल्याक ऐकाक येय नाय. तुझी सासू दुपारचो डबो घेवन येय, खालसून बोंब मारून मारून दमा, आणि शेवटी बकेटवर खडो मारी. ठण्ण झाला की समजायचा, जेवण इला.

मानसी : आणि जेवणाची वेळ नसताना ठण्ण झालं तर?

धाकू : तर समजायचा, काय तरी फुटला.

सुलक्षणा : गप्पा नंतर. मॅडम, मला एक कळत नाही. इथे एवढा चुना-विटांचा धुरळा उडतोय, आवाराभोवतीची हिरवी कापडं पांढरी झाली. मी रोज संध्याकाळी हवेची जाळी काढते, आतून बाहेर ब्लोअर मारते. चार्जिंगचं सॉकेट कोरड्या ब्रशने झाडल्याशिवाय केबल लावत नाही. पाण्याचा पाइप तर कोणाला जवळ आणू देत नाही.

मानसी : मग जाळी चोंदत असेल दिवसभरात.

सुलक्षणा : तेच तर! या आठवड्यात संध्याकाळी बघते तर जाळी लख्ख. धूळच नाही. आणि मशीन मात्र दुपारी तापते. धूळ जाते कुठे?

धाकू : वाऱ्यान जात आसतली.

सुलक्षणा : आज आत्ताच उघडून बघते. चावी काढलीय, मेन स्विच बंद केलाय. मामंजी, तो पाना द्या.

धाकू : आता नको. गरम आसतली. चाय पी आधी.

सुलक्षणा : कव्हर बाहेरून थंड आहे. पाना द्या.

धाकू : पानो खंय गेलो काय म्हायत.

मानसी : काका, तुमच्या हातातच आहे.

सुलक्षणा : इकडे द्या. हां. मॅडम, जरा धरा हे झाकण. हे काय? जाळीच्या मागे चिखल?

मानसी : चिखल कसा असेल? इथे पाऊस कुठे पडलाय?

सुलक्षणा : चिखल नाही. कापड आहे. ओलं कापड, सुतळीने बांधलंय. सगळी धूळ खाऊन नुसता लगदा झालाय त्याचा. वास पण कसला येतोय.

मानसी : कोणी बांधलं? विकीचा उद्योग नसेल ना? त्याला इथे यायचंच आहे.

सुलक्षणा : थांबा. या कोपऱ्यात थोडं रंगाचं दिसतंय. हिरवं, वर पिवळ्या कोयऱ्या.

मानसी : मग?

सुलक्षणा : मामंजी, हे आईंचं पातळ आहे.

धाकू : सगळा नाय. पदराकडचो एक तुकडो.

सुलक्षणा : आई सोमवारपासून शोधतायत ते. माझ्या कपाटातसुद्धा बघून झालं त्यांचं.

धाकू : जुना हा ता. नेसा नाय ती.

सुलक्षणा : सोमवारी नेसायला काढायला गेल्या म्हणून तर शोधतायत ना.

मानसी : काका, हे तुम्ही कशाला केलंत? तुम्ही या साइटचे वॉचमन. मशीनला कोणी हात लावू नये म्हणून तुम्हाला ठेवलंय.

धाकू : मॅडम, माका माझ्या उस्तादान शिकवलेला. धुळीत काम आसला की हवेच्या तोंडावर ओलो फडको बांधायचो. धूळ इंजिनात गेली तर इंजिनाची वाट लागली. सकाळी ही येवच्या आधी मी बांधतंय, आणि संध्याकाळी ही हातपाय धुवक गेली की सोडतंय. धुतंय, सुकवतंय, परत सकाळी बांधतंय.

सुलक्षणा : म्हणून जाळी लख्ख. अहो, डिझेलचं इंजिन हवा आत घेतं, तिथे ते फडकं ठीक होतं. ही हवा गिळत नाही मामंजी. हिला हवा अंगावर हवी, गार व्हायला. तुम्ही उन्हात तापलेल्या माणसाच्या तोंडावर ओली गोधडी टाकलीत.

धाकू : माका काय म्हायत. माका वाटला तुझा चांगला होईत.

सुलक्षणा : मला विचारायचं तरी.

धाकू : सुनेक विचारू? मशीनीचा?

सुलक्षणा : मग कोणाला विचारणार? उस्तादाला?

धाकू : तू कावलंस माझ्यावर.

सुलक्षणा : हो, चिडलेय. आठवडाभर रात्री मोबाइलवर मॅन्युअल वाचतेय मी. वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय.

धाकू : चूक माझी. अख्ख्या चाळीत सांगत फिरलंय, माझी सून मशीन चालवता. माझे दोन झील, एक बँकेत, एक कुरियरात. दोघांका लिव्हर पकडूक येना नाय. तू पयल्या दिवशी बकेट टेकवलंस ना, तेव्हा माका कितको बरा वाटला, ता तुका सांगूक नाय मी. मगे विकीचा नाव ऐकलंय, नि माझी झोपच उडाली.

मानसी : बरं, रडारड पुरे. शेठना काय सांगायचं ते ठरवा.

सुलक्षणा : मी सांगते, साफसफाईत माझ्याकडून राहिलं.

मानसी : वेडी आहेस का? मग ट्रायल गेलंच तुझं.

सुलक्षणा : आणि खरं सांगितलं तर यांची नोकरी जाईल. शेठ आधीच म्हणतात, धाकूचं वय झालं. मॅडम, प्लीज, तुम्ही काही बोलू नका. झाकण लावू या, थंड होतेय तोवर जाळी झाडते. टाकी तर उकरू दे आधी.

मानसी : मला खोटं बोलायला लावू नकोस यार. काका, तुम्ही कुठे निघालात?

धाकू : फाटकावर. वॉचमन आसय मां मी.

सुलक्षणा : आणि संध्याकाळी आई तुमचा डबा घेऊन येतील, तेव्हा पातळाचं तुम्हीच सांगायचं. त्यात मी पडणार नाही.

(चंद्रप्रकाश शेठची गाडी नुकतीच फाटकाबाहेर गेली आहे.)

मानसी : उतर खाली. झालं.

सुलक्षणा : काय झालं? मला वरून नुसते हातवारे दिसत होते.

मानसी : टाकीचा खड्डा बघितला. भिंतीला हात लावून बघितला, कुठे चीर नाही. बालवाडीच्या बाईंना विचारलं, त्रास होतो का? तर बाई म्हणाल्या, काम चालू होतं का? मग शेठ म्हणाले, मशीन राहू दे. ऑपरेटरपण राहू दे.

सुलक्षणा : खरंच? आणि मधे मधे बंद का पडायची, ते?

मानसी : मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, ते मला माहीत आहे. दुपारीच फाटकावरून फोन गेला होता त्यांना. मशीनचो दोष नाय, सुनेचो नाय, फडको माझो.

सुलक्षणा : मामंजी, तुम्हाला कामावरून काढून टाकलं असतं तर?

धाकू : टाकल्यान असता तर घराक बसलंय असतंय. तुझा नाव खराब झालेला माका चलाचा नाय.

सुलक्षणा : काय बोलू आता तुम्हाला.

धाकू : कायेक बोलू नको. मघाशी बोललंस तितक्या पुरे.

मानसी : शेठ हसत होते. त्यांच्या वडिलांचा ड्रायव्हर गाडीला गोणपाट बांधायचा म्हणे. पण हुकूम देऊन गेलेत, उद्यापासून धाकूला मशीनपासून दहा फूट लांब ठेवा.

धाकू : बरोबर आसा.

सुलक्षणा : उद्यापासून ना? मग चढा.

धाकू : खंय?

सुलक्षणा : वर. सीटवर. मॅडम, पाच मिनिटं. आवार रिकामं आहे, मी बाजूला उभी राहते.

मानसी : मी काही बघितलं नाही. मी फोनवर आहे.

धाकू : गुडघो धरता गो. हां, बसलंय. चावी फिरवली. चालू खंय झाली?

सुलक्षणा : झालीय. स्क्रीन बघा.

धाकू : थरथरत पण नाय. माका वाटला बिघडली परत.

सुलक्षणा : बूम उचला. हळू, ही लगेच ऐकते. आता ती माती जरा सपाट करा.

धाकू : ह्या पिनांक ग्रीस लागता मां?

सुलक्षणा : लागतं ना, रोज.

धाकू : मग बरा. मशीन आसा ही.

मानसी : बघ, काकांचा हात अजून कसला साफ आहे. आणि आवाज बघ किती खाली आलाय. आज पहिल्यांदा माणसासारखे बोलतायत.

सुलक्षणा : मामंजी, फाटकात आई आल्यात. डबा घेऊन.

धाकू : बघलंय.

सुलक्षणा : तुम्हाला मशीनवर बघून त्यांनी खाली वाकून खडा उचललाय.

धाकू : तिका सांग, खडो खाली टाक. नुसती हाक मार, ऐकाक येता.