सौदा सोडून उठलो तेव्हा

तुम्ही हसाल, पण मुलीच्या इंजिनिअरिंगची फी झेपेना म्हणून तिला घेऊन कॉलेजात सवलत मागायला गेलो. प्राचार्य साहेब म्हणाले, "अर्धी माफ करतो."

चेन्नईत नुंगंबाक्कमला साड्या विकण्यात जन्म गेला माझा. पहिल्या भावाला हो म्हणायचं नसतं. "मग राहू द्या, सार!" म्हणून ताडकन उठलो आणि बाहेर जिन्यापाशी हळूहळू चपला घालत राहिलो. गिऱ्हाईक असं उठलं की मी स्वतः हाक मारून बसवतो. इथे कोणी हाक मारेना!

तेवढ्यात आतच बसलेली मुलगी बाहेर आली.

"अप्पा, पूर्ण फी माफ झाली!"

"बघ! घाबरले ना?"

"नाही हो. त्यांनी विचारलं, वडील दुकानातही असाच सौदा करतात का? मी हो म्हटलं. म्हणाले, मग दुकान कसलं चालतंय, पूर्णच माफ करतो!"