बदली आल्याशिवाय

नाही, पण मी म्हणतो, पहिलीतल्या पोरीनं हेडमास्तरांना गेटपास विचारला, तर त्यात एवढं बिघडलं काय? नाही म्हणायचं आणि पुढं जायचं... तर त्यांनी तिला बाजूला सारायला दंड धरला, आणि ती चावली. दंड धरल्यावर चावणारच की! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी चिंचवडला कंपनीच्या गेटावर काढली, लोक अजून धोंडीबा जमादारच म्हणतात, खुद्द मोठ्या साहेबाची गाडी थांबवून डिकी उघडायला लावली मी, आणि साहेबानं गुमान उघडली, चावायची वेळच आली नाही. मग यात पोरीचं चुकलं कुठं? मला कळेना.

आमची नात, कस्तुरा. सहा वर्षांची, दोन वेण्या, एवढीशी. शाळेत जाते, पण बाकावर बसत नाही. वर्गाच्या दारात उभी, पाय जुळवून, हातात फूटपट्टी. येणाऱ्याची झडती, जाणाऱ्याची झडती. दप्तरात चिंचा सापडल्या, जप्त. गोट्या, जप्त. आत येणाऱ्याला एक वेळ सोडेल, बाहेर जाणाऱ्याला नाही. एक पोर लघवीला निघालं, त्याला म्हणाली, 'पास?' आता लघवीचा पास ते पोर आणणार कुठून? तिथंच उभ्या उभ्या... जाऊ द्या. आणि कुणी ढकलून बाहेर गेलंच, की किंचाळणं, ओरबाडणं, भिंतीवर डोकं आपटणं. घरीसुद्धा दारातच उभी असायची, पण घरी मला त्याचं कौतुक. म्हणायचो, रक्त आहे जमादाराचं. यात चुकलं कुठं?

शाळेची चिठ्ठी आली. टोपी घातली, गेलो. हेडमास्तरांच्या हाताला पट्टी. म्हणाले, आठ दिवसांत सुधारली नाही तर नाव कमी करतो. मनात आलं, सांगावं, करा कमी, आमच्या सात पिढ्या पटावर नाव नसताना जगल्या... गिळलं. कारण माझी सून मंजुळा, पोरीची आई, छातीच्या दवाखान्यात, चार महिने झाले, लहान पोरांना तिथं आत सोडत नाहीत, आणि जाताना ती एकच बोलली होती, 'मामंजी, पोरीची शाळा तेवढी मोडू देऊ नका.' मी शब्द दिलेला. मुलगा शिफ्टमध्ये अडकलेला. म्हणजे शाळेत उभा राहायला उरलो कोण? मी. दुसरी नापास.

पहिलीच्या विमलबाई, तरण्या पोरसवदा, मला म्हणाल्या, मारू नका, ओरडू नका, तिच्या मनात काय आहे ते शोधा. आता मन म्हणजे काय पिशवी आहे? मी म्हटलं, बाई, आमच्या वेळी मास्तर छडीनं शोधायचे. त्या शांतपणे म्हणाल्या, 'मग सापडलं का काही?' घ्या!

शेजारच्या तानुबाईचं म्हणणं, दृष्ट लागली. तिनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, तर कस्तुरानं तिला दारात अडवलं, आत किती मिरच्या आणल्या आणि बाहेर किती नेताय, मुठी उघडा. तानुबाई पुन्हा आली नाही. मुलगा म्हणाला, आबा, जिलेबी देऊन बघा. लाच! जमादाराच्या नातीला! तरी दिली. जप्त.

सहा दिवस गेले असे. सातव्या दिवशी मी वर्गाच्या दारात तिच्याशेजारी बसकण मारली, गुडघे वाजले, आणि सरळ विचारलं, बावीस वर्षांत कुणाला इतकं हळू विचारलं नव्हतं.

'कस्तुरे, आत का बसत न्हाईस गं?'

'ड्युटी हाय.'

'कुणी लावली?'

'तुमी.'

मी कधी लावली? आणि मग आठवलं बघा... मंजुळेला न्यायचं त्या दिवशी पोर आकांत करील म्हणून मीच हिला पुढल्या दारात उभी केली. म्हटलं, गेट सांभाळ, आईला कुणालाच नेऊ देऊ नकोस. आणि आईला मागल्या दारानं रिक्षात बसवलं. मीच.

'अगं, मग त्याच दिवशी गेट सोडून आत यायचं की...' मी काहीतरी बरळलो.

ती म्हणाली, 'तुमीच म्हणता, बदली आल्याबिगर गेट सोडायचं न्हाई. बदली आलीच न्हाई.' मग फूटपट्टीकडं बघत म्हणाली, 'आन् आई गेलीच. माज्या ड्युटीत गेली.'

चार महिने, हो. चार महिने ते पोर पहाऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी ट्रंकेतला खाकी कोट काढला, पट्टा आवळला, अकराच्या घंटेला वर्गाच्या दारात सलाम ठोकला. 'धोंडीबा जमादार, बदलीवर हजर.' पोरं हसली. ती नाही हसली. म्हणाली, पास. विमलबाईंनी वहीचं पान फाडून पास लिहिला. मग झडती. तंबाखूची चंची जप्त, ती आजतागायत मिळालेली नाही.

मी म्हटलं, 'आई मागल्या गेटातनं गेली. ते गेट माझं होतं. तुझ्या गेटातनं कुणी गेलं न्हाई.'

ती म्हणाली, 'मग तुमचं चुकलं.'

'व्हय.'

बावीस वर्षांत हा शब्द साहेबांना काढता आला नव्हता माझ्याकडून. तिनं फूटपट्टी माझ्या हातात दिली, पहिल्या बाकावर जाऊन बसली, पाटी काढली. विमलबाईंनी डोळ्याला पदर लावला, मी टोपी नीट केली, झालं एकदाचं म्हणून वळलो, तोच आतून आवाज. 'आबा, बदली आल्याबिगर?'

झाला महिना. अकरा ते पाच. हेडमास्तर आता स्वतःहून पिशवी उघडून दाखवतात. पोरं लघवीला पळत जातात, मी सोडतो, ती आतून बघते, आणि गेलेलं पोर परत आलं की मगच पुढचं अक्षर काढते. माझी बदली म्हणजे मंजुळा, डॉक्टर म्हणतात संक्रांतीनंतर. कुठल्या संक्रांतीनंतर ते विचारलं, तर हसले. आता यात हसण्यासारखं काय, मला कळेना.

असो. तुम्ही निघा, शाळा सुटायची वेळ झाली. फक्त जाताना ती पिशवी तेवढी उघडा... माझ्यासाठी नाही हो. ती बघतेय.